धुऊन उरलेलं तेल

फरसाणाच्या कारखान्यात तळणीवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या आईने हा प्रश्न पाठवला आहे. मुलाचा गणवेश टेरिकॉटचा आहे. तो रोज धुतला जातो. दोरीवर वाळताना पावडरीचा सुगंध येतो, घडी करून ठेवला तरी काही जाणवत नाही. पण इस्त्री फिरवली की भपकन खवट वास सुटतो, आणि अंगात घालून थोडा घाम आला की तोच वास पुन्हा. पावडर बदलून झाली, दुप्पट घालून झाली. कपड्यावर डाग एकही नाही, मग हा वास येतो कुठून?

प्रश्न नेमका आहे, कारण डाग जाणं आणि तेल जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो अचूक पकडतो.

ताज्या रिफाइंड तेलाला वास जवळजवळ नसतोच. वास येतो तो तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळू लागल्यावर. सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा या तेलांतल्या असंपृक्त स्निग्धाम्लांवर ऑक्सिजन चढतो, साखळ्या तुटतात आणि हेक्झॅनल, नोनॅनल, डेकाडायनल असे छोटे, उडून जाणारे रेणू तयार होतात. यांतलं डेकाडायनल तर अगदी अल्प प्रमाणात असताना आपल्याला हवंहवंसं वाटतं, ताज्या तळणाचा जो खमंगपणा असतो त्यात त्याचा मोठा वाटा आहे. प्रमाण वाढलं, सोबतीला इतर अल्डिहाइडं आली, की त्याच खमंगपणाचा खवटपणा होतो. बाटलीतल्या तेलाला हवा फक्त वरून लागते. कापडावर तेच तेल धाग्याधाग्यावर पातळ पसरलेलं असतं, त्यामुळे बाटलीत जे व्हायला महिने लागतात ते इथे काही दिवसांत होतं. इस्त्रीची उष्णता हे रेणू एकदम मोकळे करते. पावडरीचा सुगंध तोवर उडून गेलेला असतो.

आता खरा प्रश्न असा की, वासाला पुरेल इतकं तेल म्हणजे किती? याच्या उत्तराकडे नेणारी मोजमापं करणाऱ्या एका बाईंबद्दल लिहायची संधी मी सोडणार नाही, कारण कपडे धुण्यामागचं विज्ञान ज्या पायावर उभं आहे, तो घालण्यात त्यांचा मोठा हात आहे आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव सहसा भेटत नाही.

आग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १८६२चा, व्हेनिसमधला. पुढचं सगळं आयुष्य गेलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी. भौतिकशास्त्राची त्यांना ओढ होती, पण मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. आईवडील आजारी, घर त्यांच्यावर. भांड्यांच्या तेलकट पाण्याकडे पाहता पाहता, विशीच्या आसपास, त्यांनी घरातच प्रयोग मांडला. ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर खोल अशी पत्र्याची पन्हळ, तिच्यात काठोकाठ पाणी आणि वर आडवी ठेवलेली पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा तेलाचा तवंग दाबला जातो किंवा सैल होतो. एक छोटी चकती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो हे तराजूने मोजलं की पृष्ठताण कळतो. बास, एवढंच उपकरण.

त्यातून त्यांना दिसलं की तवंग एका ठरावीक मर्यादेपर्यंत विरळ असेल तर पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की पृष्ठताण झपकन उतरतो. रेणू एकमेकांना खेटून उभे राहिल्याची ती खूण होती. शिवाय पाण्याला साधा स्पर्श झालेली वस्तूही पृष्ठभाग मळवते, हेही त्यांनी टिपलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले कापराचे तुकडे पाण्यावर सोडून तेच कोडं सोडवत होते. स्वच्छ पाण्यावर कापूर गरगर फिरतो, तेलाचा अंश लागला की थबकतो. (खरा कापूर आणि घासून लख्ख केलेलं ताट घेऊन हे घरी करून बघा. बोटाला लागलेलं डोक्याचं तेलसुद्धा कापराला पुरतं.) रॅलेंच्या कामाबद्दल कळल्यावर पॉकेल्सनी जानेवारी १८९१ मध्ये त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिलं. रॅलेंच्या पत्नीने त्याचा अनुवाद केला आणि रॅलेंनी ते ‘नेचर’कडे धाडलं. मार्चमध्ये ते छापून आलं. हा मोठेपणा रॅलेंचा. पण याच विषयाला पुढे अर्व्हिंग लँगम्युर यांच्यामुळे कीर्ती मिळाली, १९३२ चं नोबेलही त्यांनाच. त्याच वर्षी सत्तरीच्या पॉकेल्सना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. सरकती पट्टी असलेली तशी पन्हळ आजही प्रयोगशाळांत वापरतात, आणि बहुतेक ठिकाणी तिला लँगम्युर यांचं नाव आहे. मला हे मनापासून खटकतं.

या मोजमापांचं सार असं की, पाण्यावर पसरलेल्या तेलाचा एकपदरी थर साधारण दीड नॅनोमीटर जाडीचा भरतो. या हिशेबाने एक ग्रॅम तेल सहाशे चौरस मीटरहून जास्त जागा झाकू शकतं, म्हणजे कबड्डीची चार-पाच मैदानं. गणवेशात धुऊन उरलेलं चिमूटभर तेल डोळ्याला दिसणारच नाही, पण नाकाला मात्र ते पुरून उरतं.

त्यात कापड टेरिकॉटचं, म्हणजे अर्ध्याहून अधिक पॉलिस्टर. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. पाण्याशी वैर आणि तेलाशी सख्य, असा त्याचा स्वभाव. धुताना सुती धाग्यावर पाणी तेलाखाली शिरतं आणि तेलाचा थेंब गोळा होऊन सुटतो. पॉलिस्टरवर पाण्याला ती वाटच मिळत नाही. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांना व्यायामाच्या सायकली चालवायला लावून त्यांचे शर्ट हुंगून पाहिले, तेव्हा पॉलिस्टरचे शर्ट सुतीपेक्षा जास्त दुर्गंधी ठरले आणि मायक्रोकॉकस जिवाणू कृत्रिम धाग्यांवर जोमाने वाढलेले दिसले. ते प्रयोग घामाचे होते, पण धाग्याचा स्वभाव तोच.

मग करायचं काय? परटाच्या भट्टीचं तत्त्व आठवावं: सोडा, उष्णता आणि भरपूर वेळ. तळणीच्या तेलात पाण्याच्या वाफेमुळे मोकळी स्निग्धाम्लं तयार झालेली असतात. धुण्याच्या सोड्याशी गाठ पडली की त्यांचा तिथल्या तिथे साबण होतो. बोअरचं पाणी जड असेल, फेस होत नसेल, तर तो सोडा पाण्यातलं कॅल्शियमही बाजूला काढतो. म्हणून क्रम असा: तेलकट जागी कोरड्या कापडावरच द्रव डिटर्जंट चोळायचं, कारण पाण्यात मिसळलं की त्याची धार जाते. मग एन्झाइमची पावडर घालून कोमट पाण्यात काही तास भिजवायचं. त्यानंतर ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात सोडा टाकून धुवायचं, मशीन अर्धंच भरायचं आणि भरपूर खळबळायचं. सोडा हाताळताना हातमोजे हवेत, आणि लोकर-रेशमाला तो लावू नये. अंगात घालून घाम आल्यावरही वास येईनासा होईपर्यंत इस्त्री करू नये, कारण उष्णतेने उरलेलं तेल जवसाच्या तेलासारखं घट्ट होऊन धाग्यावर कायमचं बसतं.

एन्झाइमचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. तेल तोडणारं लायपेज डिटर्जंटमध्ये आणलं डेन्मार्कच्या नोवो कंपनीने, १९८८ मध्ये, बुरशीच्या मदतीने बनवून. त्याचं बरंच काम कपडा वाळत असताना, अर्धवट ओला असताना चालतं, म्हणून त्याचा गुण दुसऱ्या धुण्यात दिसतो. मात्र लोणी, खवा, दुधाची साय अशा चरबीवर तेच लायपेज ब्युटिरिक आम्ल मोकळं करतं, आणि त्याचा वास ओकारी आणणारा असतो. डेअरीत किंवा मिठाईच्या भट्टीवर काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून असे कपडे जास्त पाण्यात, जास्त वेळा खळबळावेत.

मोबाइलवर फिरणारी एक युक्ती मात्र निकामी आहे: व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र. बुडबुडे पुष्कळ येतात, पण दोघे एकमेकांना संपवून टाकतात, मागे उरतं ते सोडियम असिटेटचं पाणी. एकटा खायचा सोडाही धुण्याच्या सोड्याची जागा घेत नाही, कारण दोघांच्या पीएचमध्ये मोठा फरक आहे, एक साधारण ८, दुसरा ११ च्या आसपास. तसंच सुगंधी फॅब्रिक कंडिशनर: तो धाग्यावर स्वतःचा मेणचट थर देतो आणि त्या थराखाली जुनं तेल सुखाने नांदतं. कामाच्या कपड्यांना तो लावूच नये.

गॅरेजचे कपडे हे वेगळं प्रकरण. इंजिन ऑइल आणि ग्रीस खनिज तेलाचे असतात. त्यांचा साबण होत नाही आणि लायपेज त्यांना शिवत नाही. गिअर ऑइलचा तो उग्र वास त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा. इथे डिटर्जंटचं काम मुख्य, तेही चोळून, दोन-तीनदा. मेकॅनिक रॉकेलने हात धुतात ते रसायनाच्या दृष्टीने बरोबर आहे, तेल तेलात विरघळतं. पण रॉकेल किंवा पेट्रोलचा वास येणारा कपडा मशीनमध्ये टाकू नये. तो वास आधी उघड्यावर पूर्ण उडू द्यावा, कारण बंद ड्रममधली वाफ ठिणगीने पेटू शकते.

खाद्यतेलाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ऑक्सिजनशी जुळताना तेल उष्णता सोडतं. ड्रायरमधून काढलेले तेलकट टॉवेल किंवा एप्रन गरम असतानाच रचून ठेवले की ती उष्णता ढिगाच्या पोटात साठते आणि ढीग आपोआप पेटतो. हॉटेलांच्या आणि मसाज केंद्रांच्या लॉन्ड्र्यांत अशा आगी लागलेल्या आहेत. सुतारकामात जवसाच्या तेलाने पुसायला वापरलेल्या चिंध्या तर ड्रायरशिवायही पेटतात. त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.