माळ्यावरचा व्हिडिओ गेम भंगारात देण्याआधी

वसई, नालासोपारा, विरारच्या चाळींत ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना कॅसेट लावून टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आठवत असेलच. एका घरी तो आला, की सारी चाळ त्या घरी गोळा होई. आज ती मुले आई-बाप झाली आहेत आणि तो डबा माळ्यावर धूळ खात पडला आहे. आमचे सांगणे एवढेच, की भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी तो एकदा उघडा, आणि उघडताना घरातील मुलामुलींना शेजारी बसवा.

हा डबा मूळचा जपानचा. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' बाजारात आणला. पुढे 'एनईएस' या नावाने तो इतर देशांत गेला. दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या त्या मात्र त्याच्या स्वस्त नकला. लिटल मास्टर हे नाव अनेकांना आठवेल. २००३ साली मूळ यंत्राचे उत्पादन थांबले आणि २००७ साली सुटे भाग मिळेनात म्हणून कंपनीने जपानमधील दुरुस्तीही बंद केली. तेव्हा आता दुरुस्ती करायची ती आपणच.

आधी तपासणी, मग सोल्डरिंग

काम क्रमाने करावे. पहिली तपासणी अ‍ॅडॉप्टरची. भिंतीतील २३० व्होल्टचे तो साधारण ९ व्होल्ट करतो. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि पिनची धन-ऋण बाजू पाहावी, कारण ती सगळ्या डब्यांत सारखी नसते. अ‍ॅडॉप्टर बिघडला असेल तर उघडू नये, नवा आणावा.

मग डब्याचे स्क्रू काढावेत. आत बहुधा ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग दिसेल. तो ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करून चिपला देतो. एका पायावर ९ येतात, पण दुसऱ्यावर ५ मिळत नाहीत, तर दोष बहुधा तेथेच. शेजारचे कपॅसिटर वर्षांनुवर्षे पडून सुकतात किंवा फुगतात, त्यामुळे चित्र हलते व आवाजात घरघर येते. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा, व्होल्टचा आकडा मात्र कमी नसावा. त्याच्या अंगावर पट्टा असतो ती बाजू ऋण, ती उलटी लावू नये.

आपल्या किनारपट्टीवरची हवा खारी व दमट. तिने कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. लहानपणी आपण फुंकर मारत असू, पण श्वासातील ओलाव्याने पट्ट्या आणखी खराब होतात. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रिमोटची बटणे दबत नसतील तर आतील रबराचे काळे ठिपके त्याच तऱ्हेने स्वच्छ करावेत.

नव्या टीव्हीसाठी बदल

जुना डबा चित्र आणि आवाज एकत्र करून अँटेनाच्या वायरीने टीव्हीला देतो. हे मिश्रण पत्र्याच्या एका छोट्या डबीत होते. त्या डबीआधीच चित्राची तार वेगळी घेतली, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून संकेत बळकट केला आणि पिवळ्या सॉकेटला जोडला, की चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. आवाजाची तार पांढऱ्या सॉकेटला जाते. टीव्हीला एव्ही जोडणी आहे ना, हे आधी पाहावे. सामान ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते.

नकली डब्यांत पुष्कळदा सारी चिप काळ्या डांबरासारख्या एका ठिपक्याखाली असते. ती गेली असेल तर इलाज नाही. तरी सुटे भाग काढून शिकायला ठेवावेत.

मुलांच्या हाती काय येते?

डब्याच्या आत ९ व्होल्टच असतात, म्हणून शिकायला तो बरा. सोल्डरिंग मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि खिडकी उघडी ठेवून करावे. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही मुलांनी कधीही उघडू नये. बंद केल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

खेळ एका सुट्टीत संपतो. पण दोष कोठे आहे ते क्रमाने शोधायची सवय मुलाला जन्मभर पुरते. पुढे ते आयटीआयला जावो, इंजिनीअर होवो, की वसई पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात कामाला लागो, मोजल्याशिवाय ठरवायचे नाही हा धडा सगळीकडे एकच. आणि हा धडा फक्त मुलांनाच का? सोल्डर गन मुलीच्या हातीही द्या. घरातला पंखा दुरुस्त करायला कोणी येईल म्हणून ती वाट पाहत बसणार नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. हक्क कागदावर येईल तेव्हा येवो, तो वापरायला शिकलेले हात लागतात. ते हात आपल्या घरात तयार होऊ शकतात. येत्या रविवारी माळ्यावरचा डबा खाली काढा आणि मल्टिमीटर मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्या.