एक रात्र पाहुणी

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारू? लग्न झाल्यापासून तुम्ही अशा किती ठिकाणी मुक्काम केलात, जिथं सकाळी उठल्यावर साधी कपबशीही विसळावी लागली नाही? नणंदेकडे, जावेकडे गेलं तर पदर खोचूनच उतरायचं. माहेरी गेलं तरी आईच्या हातातलं लाटणं आपण घेतोच. देवदर्शनाला गेलो तर भक्तनिवासात सगळ्यांचे टॉवेल वाळत घालायला पुन्हा आपणच! पुरुष पाहुणा गेला की पाहुणा असतो. बाई पाहुणी गेली की त्या घरात दोन हात वाढतात, एवढंच.

हे सगळं डोक्यात आलं ते माझ्या मावशीमुळे.

मावशी राहते रे रोडला. स्टेशनातून बाहेर पडून घोडपदेवच्या बाजूला दहा मिनिटं चाललं की तिची चाळ. हा भाग मुंबईत राहणाऱ्यांनासुद्धा फारसा माहीत नसतो. 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव या रस्त्याला आणि स्टेशनाला मिळालं. 1910 च्या डिसेंबरात हार्बरची गाडी पहिल्यांदा धावली, ती कुर्ला ते रे रोड अशी. एका बाजूला गोदी, गोदामं, लोखंडाचे ढीग. दुसऱ्या बाजूला चाळी. जवळच दारूखाना. जुनी जहाजं तिथं तोडायला येतात. आपली 'विक्रांत' ही विमानवाहू नौकाही 2014 साली तिथंच तोडायला घेतली.

अशा या भागात, दहा बाय बाराच्या खोलीत मावशी 1971 साली लग्न होऊन आली. काका गोदीत कामाला. घरात सासूबाई, पुढं दोन मुलगे. आणि पाहुणे! आमच्या चिपळूणकडचं कुणीही मुंबईला निघालं की पत्ता ठरलेला. नोकरी शोधायला आलेला पुतण्या सहा महिने, इंटरव्ह्यूला आलेला भाचा चार दिवस, केईएममध्ये ऑपरेशनला आलेले चुलत सासरे महिनाभर. परळला हॉस्पिटलं जवळ, म्हणून आजारी माणसं तर हमखास. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, पेशंटच्या नातेवाइकांची तिथं सोय होते. पण आपल्या माणसांना हे कुठं ठाऊक असतं? आणि ठाऊक असलं तरी "मावशी असताना धर्मशाळा कशाला?" हे आहेच.

मीही त्यातलीच. 1998 साली आईला परळच्या टाटा हॉस्पिटलात ट्रीटमेंट होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आई आणि मी मावशीकडे दोन महिने राहिलो. आई त्यातून उठली, पुढं बारा वर्षं जगली. त्या दोन महिन्यांत मावशीच्या हातचा चहा, पेज आणि भाजी-भाकरी आम्ही खाल्ली आणि निघताना मी तिच्या पाया पडले. संपला हिशेब. असंच मी समजत होते.

आता मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. काका गेले, मुलं बदलापूरला राहायला गेली. चाळीच्या रीडेव्हलपमेंटचं बोलणं पुन्हा सुरू झालंय. मध्यंतरी बचत गटाच्या कामासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा तिच्याकडे उतरले. रात्री ती म्हणाली, "माझ्याकडे सगळी राह्यली गो. मी कुठं राह्यले नाय."

तक्रार नव्हती. भाजी निवडता निवडता सहज बोलली. पण मला झोप लागली नाही.

माझ्या मानधनातून साठवलेले थोडे पैसे होते. मी ठरवलं, मावशीला एक रात्र हॉटेलात न्यायचं. तेही साध्यासुध्या नाही. कुलाब्याला 'अबोड बॉम्बे' नावाचं बुटीक हॉटेल आहे, त्याच्याबद्दल वाचलं होतं. मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बुटीक? तिथं ब्लाउज शिवतात ना?"

तिचंही खरंच. आपल्या गावात बुटीक म्हणजे ड्रेस-ब्लाउजचं दुकान. मुळात हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ छोटं दुकान. तिथून तो हॉटेलांना चिकटला. शेकडो खोल्यांच्या, सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या हॉटेलांना लोक कंटाळले. मग थोड्या खोल्यांची, प्रत्येक खोली वेगळी सजवलेली, पाहुण्याला नावानं ओळखणारी हॉटेलं निघाली. गंमत म्हणजे अगदी सुरुवातीच्या अशा हॉटेलांपैकी एक बाईनं काढलेलं आहे. अनुष्का हेम्पेल या एकेकाळच्या अभिनेत्रीनं 1978 साली लंडनला 'ब्लेक्स' सुरू केलं. न्यूयॉर्कला 1984 साली 'मॉर्गन्स' निघालं आणि मग हे लोण जगभर पसरलं. कुलाब्याचं हॉटेल दहा-बारा वर्षांपूर्वीचं, पण इमारत जुनी, 1910 च्या सुमाराची. म्हणजे रे रोडच्या गाडीच्याच वयाची!

बुकिंग करताना माझ्या पोटात गोळा होता. दोनेक वर्षांपूर्वी एका शहरात मी आणि गटातली एक मैत्रीण रात्री नऊ वाजता लॉजवर गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बरोबर जेन्ट्स कोणी नाही?" नाही म्हटल्यावर खोल्या अचानक फुल्ल झाल्या. आम्ही ती रात्र एसटी स्टँडवर काढली. त्यामुळे यावेळी फोनवरच स्पष्ट विचारलं, "दोघी बायका येणार आहोत, चालेल ना?" पलीकडून विचारणा झाली ती फक्त ओळखपत्राची.

आणि निघालो. रे रोडला गाडीत बसलं की डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि चौथं सीएसएमटी. पुढं टॅक्सी. वीस-पंचवीस मिनिटांत माणूस दुसऱ्याच मुंबईत जातो. रीगल सिनेमाच्या जवळ उतरलो. मावशीनं ठेवणीतली इरकल नेसली होती. पिशवीत चकल्या, पाण्याची बाटली आणि दोन चादरी. "दुसऱ्याकडे जाताना आपलं अंथरूण न्यावं" म्हणे. पोरगा सामान घ्यायला पुढं आला, तर तिनं पिशवी काही सोडली नाही.

आम्ही स्वस्तातली खोली घेतली होती. स्वस्त म्हणजे काय, आमच्या महिन्याच्या वाणसामानाहून जास्तच. अशा खोल्यांना बाथरूम बाहेर, सामायिक. मावशीनं ते बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "एवढे पैसे घेऊन संडास गॅलरीतच?" मला हसू आवरेना. पण बाथरूम इतकं लख्ख की ती स्वतःच म्हणाली, "असा असता ना, तर चाळीत कोण भांडलं नसतं."

खोलीत जुनं सागवानी सामान, पायाखाली नक्षीच्या जुन्या फरशा. अशा हॉटेलांत चोरबाजारातून जुनं लाकूडसामान आणून, पॉलिश करून मांडतात. हीच तर त्यांची शान! मावशी एका कपाटाजवळ गेली, हात फिरवला. "असलं कपाट आमच्या सासूबाईंचं होतं. भंगारवाल्याला दिलं."

"का गं?"

"जागा अडत होती. काढलं तर दोन माणसं जास्त झोपायची."

संध्याकाळी गेटवेला गेलो. गेटवे 1924 चा, समोरचं ताज त्याच्याही आधीचं, 1903 चं. मावशीला सगळं पाठ. चोपन्न वर्षांत तिनं पाहुण्यांना किती वेळा आणलं असेल इथं! दर वेळी कुणाचं तरी मूल कडेवर आणि डोक्यात रात्रीच्या भाकऱ्या. त्या दिवशी पहिल्यांदा ती कठड्यापाशी नुसती बसली. अंधार पडेपर्यंत बसली.

रात्री तिला झोप येईना. गादी मऊ, खोली थंड, तरी ही टक्क जागी. मग मी विचारलं, "मावशी, आम्ही दोन महिने होतो ना तुझ्याकडे, तेव्हा तू कुठं झोपायचीस?"

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आई पलंगावर, मी खाली, आजी भिंतीशी, काका आणि मुलं गॅलरीत. आणि मावशी?

"मोरीच्या कठड्याला डोकं लावून," ती म्हणाली. "पाय लांब करायला जागा नसायची, मग दुमडून. तसंही चार वाजता पाणी यायचं. मग कशाला नीट झोपायचं?"

मी काही बोलू शकले नाही. मी तिथं होते ना! दोन हात लांब. रोज सकाळी माझ्या हातात चहाचा कप यायचा आणि मी तो घ्यायचे. तिला कधी झोपलेली बघितलं नाही, तर वाटायचं मावशीला झोपच कमी आहे!

याच गिरणगावात बायकांच्या खानावळी होत्या. गिरणीकामगारांना डबे घालून त्या बायकांनी घरं चालवली. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा जगाला कळलं की पोळी लाटणं हा उद्योग आहे. पण मावशीसारख्या बायकांच्या पोळ्या कुठल्याच वहीत आल्या नाहीत, कारण त्या नात्याच्या पोळ्या होत्या. सरकारची 2024 ची पाहणी सांगते की, घरचं बिनपगारी काम करणारी बाई रोज त्यात 289 मिनिटं घालवते आणि पुरुष 88. त्या 289 मिनिटांत मावशीचे पाहुणे कसे बसवायचे?

सकाळी मी उठले तर मावशीनं दोन्ही चादरींच्या घड्या केलेल्या, उशा रचलेल्या. मी रागावले, तर म्हणे, "सवय." तेवढ्यात खोली आवरायला मुलगी आली. मावशी लगेच तिच्या मदतीला उठली. मी हात धरून खाली बसवलं. बसली बिचारी, पण अवघडून. "जेवण झालं का गं?" एवढं मात्र तिनं त्या मुलीला विचारलंच. ती गेल्यावर म्हणाली, "हिला या कामाचा पगार मिळतो, हे बरंय."

मला वाटतं, सगळं सार त्यात आलं. पाहुणचार हे काम आहे. त्यात श्रम आहेत, झोप आहे, पाठ आहे. हॉटेलात ते कुणीतरी करतं आणि त्याचं बिल येतं. घरी ते कुणीतरी करतं आणि त्याला "स्वभावच प्रेमळ" म्हणतात. प्रेमळ तर ती आहेच. पण म्हणून ती कुठं झोपते, हे विचारायचं राहून जावं का?

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं कुलाब्याला जावं असं मी म्हणत नाही. आपल्या गावाजवळही चांगली, स्वच्छ, छोटी हॉटेलं आणि घरगुती निवास आहेत. वर्षाकाठी स्वतःचे थोडे पैसे बाजूला काढा आणि एक रात्र जा. एकटी, मैत्रिणीबरोबर, नाहीतर अशा एखाद्या मावशीला, आत्याला घेऊन. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. बाईनं एकटीनं खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. आधी फोन करून विचारा, म्हणजे रात्री दारात उभं राहण्याची वेळ येणार नाही. बाथरूम खोलीतच आहे का, जिना किती, लिफ्ट आहे का, नाश्ता भाड्यात धरलाय का, हे विचारायला लाजू नका. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिल नीट वाचा. आत गेल्यावर कडी तपासून बघा. आणि सकाळी चादरीची घडी करू नका! हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, अनुभवानं सांगते.

आणि तुमच्या घरी पाहुणे आले, तर रात्री एकदा बघा, घरातली बाई कुठं झोपलीय. तुम्ही स्वतः कुठं झोपलाय, तेही.

दुपारी रे रोडला परतलो. नवा केबलचा पूल मे 2025 मध्ये सुरू झालाय, तो दाखवत मावशी ऐटीत चालत होती. चाळीत जिन्यावरच शेजारणींनी गाठलं, "काय हो, कसं होतं हॉटेल?"

मावशी कठड्याला टेकली. "संडास बाहेरच होता," ती म्हणाली, "पण चहा आयता मिळाला. आणि मी पाय लांब करून झोपले."