मतदारसंघांच्या कुळकथा : बंगळूर दक्षिण

गेल्या आठवड्यात आपण बंगळूर उत्तर पाहिला. मुंबईकरांच्या ओळखीचे जॉर्ज फर्नांडिस १९८४ साली तिथे जाफर शरीफांकडून हरले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट होती. पण त्याच शहरातल्या दक्षिण मतदारसंघाने त्याच वेळी जनता पक्षाच्या व्ही. एस. कृष्ण अय्यरांना दिल्लीला पाठवले.

बंगळूर दक्षिणला आज सगळे ‘भाजपचा बालेकिल्ला’ म्हणतात. ते खरे असले तरी अर्धवट आहे. इथली काँग्रेसविरोधाची परंपरा भाजपच्या जन्माआधीची आहे.

१९७७ सालचा निकाल बघा. उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, पण कर्नाटकात तिने २८ पैकी २६ जागा जिंकल्या. जनता पक्षाला मिळालेल्या दोन जागा म्हणजे हासन आणि बंगळूर दक्षिण. इथून निवडून आले न्यायमूर्ती के. एस. हेगडे. केशवानंद भारती खटल्याच्या निकालानंतर, १९७३ साली, सरन्यायाधीश नेमताना ज्या तिघा ज्येष्ठांना डावलले गेले, त्यांतले ते एक. शेलट आणि ग्रोव्हर यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला होता. मतदारांनी त्यांना संसदेत पाठवले आणि काही महिन्यांतच ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. आणीबाणी या शहराने जवळून पाहिली होती. वाजपेयी, अडवाणी आणि आपले मधू दंडवते यांना इथेच अटक होऊन ते इथल्याच मध्यवर्ती तुरुंगात होते. बसवनगुडी-जयनगरच्या शिकल्यासवरलेल्या मध्यमवर्गाच्या मनात ते सगळे ताजे असणार, असे मला वाटते.

१९८० साली तर आणखी कमाल झाली. इंदिराबाई परतल्या, काँग्रेसने राज्यात २७ जागा घेतल्या आणि जनता पक्षाला उरली ती एकटी हीच जागा. विजयी झाले साधेपणासाठी ओळखले जाणारे टी. आर. शामण्णा. १९८९ साली मात्र माजी मुख्यमंत्री गुंडू राव काँग्रेसकडून जिंकले. १९७७ पासूनचा हाच काय तो अपवाद.

१९९१ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक वेंकटगिरी गौडा यांच्या रूपाने भाजप आला आणि तिथून मतदारसंघाचा स्वभाव पालटला. माणूस पाहून मत देणारा मतदार हळूहळू चिन्ह पाहू लागला. अनंतकुमार १९९६ पासून सलग सहा वेळा निवडून आले. २०१४ साली त्यांच्यासमोर नंदन निलेकणी होते. पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे ते सहसंस्थापक, आधार योजनेचे शिल्पकार. या मतदारसंघाला जुन्या काळी नेमका असाच उमेदवार आवडला असता. तरी ते सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अनंतकुमार वारले. पुढच्या वर्षी २८ वर्षांचे तेजस्वी सूर्या निवडून आले, २०२४ साली पुन्हा आले, तेही सौम्या रेड्डी यांना पावणेतीन लाखांहून अधिक मतांनी हरवून.

एवढे मताधिक्य पाहून अनेक जण मतदानाला जातच नाहीत. गेल्या दोन्ही निवडणुकांत इथले मतदान ५३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे ज्यांना वाटते, त्यांनी याच मतदारसंघातल्या जयनगरचा २०२३ चा विधानसभेचा निकाल आठवावा. त्याच सौम्या रेड्डी तिथे फेरमोजणीनंतर हरल्या. फरक होता १६ मतांचा. एका मजल्यावर चार घरे असतील, तर एवढी मते तिथेच भरतात.

नोकरीसाठी इथे आलेल्या कितीतरी मराठी मंडळींची नावे अजून पुण्याच्या किंवा सोलापूरच्या यादीत आहेत आणि मतदानाच्या दिवशी ती ना तिथे असतात ना इथे. पत्ता बदलल्याची नोंद करायला अर्ज क्रमांक ८ पुरतो, तो ऑनलाइनही भरता येतो. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता तो आताच भरून टाका.