समुद्रापासून दूर : गोठवलेला मासा

झाशीपासून मुंबईचा किनारा रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर अंतरावर आहे. नेवाळकरांच्या काळापासून या गावात मराठी घरे आहेत. परंतु त्यांतील पुष्कळ शाकाहारी असल्यामुळे माशाचा प्रश्न त्यांना फारसा पडला नाही. तो पडला रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेल्यांना. २००३ पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता, आणि तिचे मुख्यालय मुंबईस. बदलून येणाऱ्यांना बेतवेचा रोहू आणि कटला मिळे. पापलेटाची आठवण मात्र आठवणच राही. आज शहरातील दुकानांच्या शीतपेटीत पांढऱ्या माशाच्या बिनकाट्याच्या पट्ट्या मिळतात. त्यांना बाजारात ‘बासा’ म्हणतात. हा मासा समुद्राचा नव्हे. तो मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातील पंगास असून आता आंध्र प्रदेशातील तळ्यांतही मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो. तो स्वस्त आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हे समजण्यासाठी आधी गोठवणे म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

माशाच्या मांसात तीनचतुर्थांशाहून अधिक पाणी असते. ते शून्याच्या किंचित खाली गोठू लागते आणि उणे पाच अंशांपर्यंत त्याचा बहुतेक भाग बर्फ होतो. हा टप्पा सावकाश ओलांडला गेला, तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात व मांसाचे तंतू फाटतात. तो झपाट्याने ओलांडला, तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन गृहस्थाने १९१२ नंतर लाब्राडोरच्या थंडीत तेथील रहिवाशांनी पकडलेले मासे क्षणार्धात गोठताना आणि महिन्यांनंतरही ताज्यासारखे लागताना पाहिले. त्यावरूनच पुढे जलद गोठवण्याचा उद्योग उभा राहिला. एकदा वितळलेला मासा दुकानाच्या किंवा घरच्या पेटीत पुन्हा गोठतो, तो मात्र सावकाश. म्हणून दुसऱ्या वेळी तो भुसभुशीत होतो. शिवाय गोठण्याने सर्व जंतू मरत नाहीत; पुष्कळसे केवळ निपचित पडतात आणि उष्णता मिळताच वाढू लागतात.

झाशीच्या ग्राहकाची खरी अडचण येथेच आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि वीज जाते ती याच दिवसांत. मासा उणे अठरा अंशांत राहिला पाहिजे. पण वाटेतील प्रत्येक हाताने तो तसा ठेवलाच असेल, याची खात्री देणारे पाकिटावर काही नसते. मात्र खुणा असतात. पट्ट्या सुट्या न राहता एकच गठ्ठा झाला असेल, पाकिटाच्या एका कोपऱ्यात पाणी साचून गोठले असेल, किंवा आत हिमाचा चुरा जमला असेल, तर मासा एकदा वितळलेला आहे असे धरून चालावे. कडांवरील पांढरे, कोरडे डाग म्हणजे मांसातील ओल उडून गेल्याची खूण. त्यांनी अपाय होत नाही, चव जाते.

आता किमतीकडे वळू. मांस सुकू नये म्हणून गोठलेला मासा थंड पाण्यात बुडवून त्यावर बर्फाचे पातळ कवच चढवतात. हे कवच उपयुक्त आहे; लबाडी होते ती त्याचे वजन माशाच्या भावाने विकताना. निव्वळ वजनात कवच धरू नये, असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा नियम आहे. समजा, चारशे रुपयांच्या किलोभर पाकिटात दोनशे ग्रॅम बर्फ निघाला, तर मासा पाचशे रुपये किलोने पडला. एक पट्टी थंड पाण्याच्या धारेखाली कवच जाईपर्यंतच धरावी, लगेच पुसावी आणि आधीच्या वजनाशी ताडून पाहावी. दोनदा हा खटाटोप केला की कोणते पाकीट घ्यायचे ते कळते. पाकिटावर ४५१ किंवा ४५२ हे क्रमांक आढळल्यास मासा फॉस्फेटच्या द्रावणात मुरवलेला आहे असे समजावे. हे क्षार मांसात पाणी धरून ठेवतात. दुसऱ्या बाजूने, अख्ख्या रोहूचा भाव कमी दिसला तरी खवले, आतडी, डोके आणि काटे वजा जाता निम्म्याच्या आसपासच मांस हाती लागते. तथापि डोक्याचे कालवण करणाऱ्या घराला हा हिशेब लागू नाही, आणि अशा घरात रोहूच स्वस्त, असे मला वाटते.

घरी आणल्यावर एका वेळेपुरते भाग सुटे करून ठेवावे. पेटीत एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. गावाहून परतल्यावर नाणे बर्फात रुतलेले दिसले, तर आपल्यामागे पेटीत बर्फ वितळून गेला होता असे समजावे आणि मासा टाकून द्यावा. मन कितीही हळहळले तरी.

वितळवण्याची उत्तम जागा म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा : चाळणीत मासा, खाली ताट, रात्रभर. हवाबंद पाकीट आधी फोडावे. घाई असेल तर घट्ट बांधलेल्या पिशवीतून गार पाण्यात ठेवावा. मात्र उन्हाळ्यात येथे गच्चीवरील टाकीचे पाणी हात भाजण्याइतके तापते, तेव्हा त्यात बर्फ घातल्याखेरीज हा उपाय करू नये.

पुढचे सारे काम पाण्याशी झगडण्याचे. पट्ट्या स्वच्छ फडक्याने दाबून कोरड्या कराव्या. मीठ पाणी ओढते, म्हणून मीठ, हळद, तिखट आणि आमसुलाचा आगळ (तो नसल्यास लिंबू) लावून पाव तासाहून अधिक ठेवू नये. सुटलेले पाणी पुन्हा टिपावे. रवा व तांदळाची पिठी यांत घोळवून चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन-दोन पट्ट्याच टाकाव्या. तवा भरला की तो निवतो, पाणी सुटते, आणि मासा तळला न जाता शिजतो. पाणचट पट्ट्यांसाठी कालवणच बरे. येथे नारळ महाग. वाटलेली राई आणि लसूण यांचे पातळ कालवण मोहरीच्या तेलात उकळून घ्यावे आणि पट्ट्या अगदी शेवटी, गोठलेल्या असल्या तरी, सोडाव्या. मांस सर्वत्र अपारदर्शक होऊन सुरीच्या टोकाने पाकळ्या सुटू लागल्या की भांडे उतरवावे.