छोटं विमान आणि मोठी काळजी

मुहैस्नाहमध्ये राहणाऱ्याला विमानाचं कौतुक उरत नाही. एका बाजूला दुबईचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला मुश्रिफ पार्क. गॅलरीत चहा घेऊन बसलं की वरून जाणारं विमान कुठल्या कंपनीचं, हे आमची मुलं शेपटी पाहून सांगतात. तरीही मंडळाच्या गणपतीत एका वहिनींनी आम्हाला कोपऱ्यात गाठलं तेव्हा आमची विकेटच गेली. "भावजी, तुम्ही इंजिनियर. खरं सांगा, ही छोटी विमानं सुरक्षित असतात का हो?"

त्यांची लेक बारावी झाली होती आणि वैमानिक व्हायला गोंदियाला जायचं म्हणून हटून बसली होती. वडिलांचं म्हणणं, "आता विमानाला पॅराशूट असतं, काळजी कसली?" आईला मात्र झोप नव्हती.

आम्ही पडलो मेकॅनिकलवाले. परदेशात मास्टर्स केलं ते पंपांवर, विमानांवर नव्हे. पण वहिनींना नुसतं "होईल सगळं नीट" असं सांगणं काही बरं वाटेना. म्हणून चार सुट्ट्या खर्चून वाचन केलं. त्यातलं वाचकांनाही उपयोगी पडेल असं वाटतं.

पॅराशूटची गोष्ट खरी आहे. अमेरिकेत १९८५ साली अॅलन क्लॅपमायर यांच्या विमानाची हवेत दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. ते कसेबसे उतरले, दुसरा वैमानिक गेला. भावाबरोबर त्यांनी सिरस कंपनी त्याआधीच काढली होती, पुढे तिच्या अख्ख्या विमानालाच त्यांनी पॅराशूट लावलं. दांडा ओढला की छोटं रॉकेट छत्री बाहेर खेचतं आणि माणसांसकट विमान खाली येतं. १९९८ साली त्या विमानाला मान्यता मिळाली, २००२ मध्ये टेक्सासमध्ये पहिला जीव वाचला आणि आज कंपनी अडीचशेहून जास्त माणसं वाचल्याचं सांगते.

दुसरी नवलाई म्हणजे आपोआप उतरणारं विमान. गार्मिन कंपनीच्या या यंत्रणेला २०२० मध्ये पायपर एम-६०० या विमानात प्रथम मान्यता मिळाली. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने फक्त एक बटण दाबायचं. हवामान, इंधन, धावपट्टीची लांबी पाहून विमान स्वतःच विमानतळ निवडतं, रेडिओवरून कळवतं, उतरतं, ब्रेक लावतं आणि इंजिनही बंद करतं.

पण गोंदियाच्या शिकाऊ विमानांत यातलं काही नाही, हे आम्ही वहिनींपासून लपवलं नाही. तिथल्या डीए-४० जातीच्या विमानाचे गुण साधे आहेत. इंधनाच्या टाक्या पंखातल्या दोन मजबूत तुळयांच्या मधे सुरक्षित बसवलेल्या. पुढच्या सीट्स गुरुत्वाकर्षणाच्या २६ पट धक्का सोसतील अशा. बरेच जीव अशा न दिसणाऱ्या गोष्टींनीच वाचतात.

मग वहिनींची काळजी खोटी का? नाही. त्यासाठी लांब जायला नको, आपलं मुश्रिफ पार्क पुरे.

१६ मे २०१९. रमझानचा महिना, गुरुवारची संध्याकाळ, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने वीकएंडची सुरुवात. दुबई विमानतळाच्या यंत्रणांची तपासणी करणारं एक डीए-६२ विमान साडेसातच्या सुमारास पार्कात कोसळलं. आतले चौघेही गेले. विमान त्याच डायमंड कंपनीचं. कार्बन फायबरचं, दोन इंजिनांचं, अद्ययावत पडद्यांचं, आणि वैमानिक होते दोन. इंजिन बंद पडलं नव्हतं. शेजारच्या समांतर धावपट्टीवर उतरणाऱ्या एअरबस ए-३५०च्या मागच्या वावटळीत ते सापडलं आणि उलटलं, असं तपासात निघालं.

ही वावटळ कशी असते? गेटवेहून मांडव्याला लाँचने जाताना शेजारून मोठी बोट गेली की ती दूर गेल्यावर आपली लाँच हेलकावते ना, तसंच. मोठ्या विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. ते दिसत नाहीत, हळूहळू खाली बसतात, वाऱ्याबरोबर शेजारी सरकतात. विमान जितकं जड आणि संथ, तितका भोवरा जोरदार. म्हणूनच दोन समांतर धावपट्ट्या ७६० मीटरपेक्षा जवळ असतील तर या बाबतीत त्या एकच धराव्यात असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुबईच्या धावपट्ट्या त्याहून जवळ आहेत. यावर औषध एकच, अंतर. थांबायचं, वरून जायचं, नाहीतर पुन्हा फेरी मारायची.

त्या विमानाला पॅराशूट नव्हतं. असतं तरी जमिनीच्या इतक्या जवळ, उलट्या विमानात, त्याचा किती उपयोग झाला असता हा प्रश्नच आहे. सरळ उडणाऱ्या सिरसलाही छत्री उघडेपर्यंत चारशे ते सहाशे फूट लागतात.

तेव्हा आमचं मत असं, की यंत्र चुकीनंतर वाचवतं, कधी कधी. चुकीच्या आधी वाचवतो तो माणूस. म्हणून शाळा निवडताना विमानं किती नवी, एवढंच विचारू नका. देखभाल कोण करतं, तिची नोंदवही दाखवतात का, हवा बिघडली तर कोण नाही म्हणतं, आणि विद्यार्थिनीने "आज मी उडणार नाही" म्हटलं तर तिला बोलणी बसतात का, हे विचारा.

वहिनींनी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि शाळेत जाऊन विचारलंसुद्धा. लेक गोंदियाला गेली. एका रविवारी तिचा फोन आला, "काका, काल वारा आडवा होता. मी सरांना म्हटलं, आज नको. ते म्हणाले, बरोबर आहे तुझं."

आम्ही लगेच वहिनींना कळवलं. त्या रात्री त्यांना झोप लागली म्हणे.