महिन्याभरात कादंबरीचा खर्डा

महिन्याभरात कादंबरी लिहून होते काय? कच्चा खर्डा होतो. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोकडील २१ जणांनी असा पण केला. पुढे जगभर हजारो लोक नोव्हेंबरात तो करू लागले. हा उपक्रम चालविणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण हिशेब उरला : ३० दिवस, ५०,००० शब्द, रोजचे सुमारे १,६६७.

संपाची तयारी नोटिशीपूर्वी होते, तशी ही महिना उजाडण्यापूर्वी व्हावी. पात्रे कोण, त्यांना काय हवे, आड कोण येते, हे वहीत टिपावे. एकदा सुरुवात झाली की मागचे खोडत बसू नये. दुरुस्तीला पुढे वेळ आहे.

१८६६ साली दस्तयेवस्कीने ‘जुगारी’ २६ दिवसांत तोंडी सांगितली. मुदत चुकली असती, तर त्याच्या लेखनावर नऊ वर्षे प्रकाशकाचा फुकट हक्क बसला असता. वाचविले कोणी? लघुलेखन करणाऱ्या ॲना स्नित्किनाने. दिवसा टिपलेले ती घरी सुवाच्य लिहून काढी.

पाळी करून लिहिणाऱ्याचे दोन तासही असेच कोणाच्या तरी कष्टांतून निघतात. तेव्हा वही उघडण्यापूर्वी घरच्यांशी बोला, आणि त्यांच्या कामाचा काही वाटा स्वतःकडे घ्या.