स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील संयुक्त रसायन-किरणोपचार : तत्त्व, पुरावा व मर्यादा

प्रस्तावना

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी वसलेली ग्रंथी होय. तिच्या कर्करोगाची लक्षणे उशिरा प्रकट होतात. त्यामुळे निदानाच्या वेळी बहुसंख्य रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेने गाठ काढणे शक्य राहत नाही. काहींमध्ये रोग यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पोहोचलेला असतो; काहींमध्ये तो जागीच असूनही प्रमुख रक्तवाहिन्यांना वेढून असतो. या दुसऱ्या गटाला रसायनोपचार व किरणोपचार एकत्रित द्यावेत काय, हा प्रश्न चार दशकांहून अधिक काळ अभ्यासकांपुढे आहे. त्याचे उत्तर कसे बदलत गेले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संयोगामागील तत्त्व

किरणोपचार कर्कपेशीतील डीएनएचे धागे तोडतो. परंतु लहान आतड्याचा आरंभीचा भाग, जठर व मूत्रपिंडे निकट असल्याने किरणांची मात्रा हवी तेवढी वाढविता येत नाही. येथे औषधांचे साहाय्य घेतले जाते. ५-फ्लुओरोयुरॅसिल व जेमसायटाबिन ही औषधे डीएनए घडविण्यास लागणाऱ्या घटकांची निर्मिती रोखतात. परिणामी तुटलेला धागा सांधणे पेशीला कठीण होते व तेवढ्याच किरणांचा परिणाम वाढतो. मात्र दोन्ही उपचारांचे दुष्परिणामही एकवटतात. त्यामुळे किरणांसमवेत जेमसायटाबिनची मात्रा घटवावी लागते आणि उर्वरित शरीरातील सूक्ष्म रोगावरील त्याचा वचक कमी होतो.

चाचण्यांचा पुरावा

१९८१ मध्ये अमेरिकेतील गॅस्ट्रोइंटेस्टायनल ट्यूमर स्टडी ग्रुपने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केवळ किरणोपचार घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान सुमारे २३ आठवडे, तर ५-फ्लुओरोयुरॅसिलची जोड मिळालेल्यांचे सुमारे ४० आठवडे आढळले. या निष्कर्षामुळे संयुक्त उपचारास मान्यता लाभली. तथापि येथे तुलना केवळ किरणोपचाराशी होती, केवळ औषधाशी नव्हे. १९८५ मधील दुसऱ्या अमेरिकन चाचणीत तीच तुलना केवळ ५-फ्लुओरोयुरॅसिलशी केली असता दोन्ही गटांचे मध्यक आयुर्मान सुमारे ८ महिने, म्हणजे जवळजवळ सारखेच, भरले.

पुढे औषधे सुधारली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलएपी०७ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४ महिन्यांच्या रसायनोपचारानंतरही ज्यांचा रोग बळावला नव्हता, अशा २६९ रुग्णांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाचा रसायनोपचार चालू राहिला. दुसऱ्यास कॅपेसायटाबिनसह ५४ ग्रे किरणमात्रा देण्यात आली. मूळ जागी रोग वाढण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४६ टक्के, तर दुसऱ्यात ३२ टक्के होते. मध्यक आयुर्मान मात्र अनुक्रमे १६.५ व १५.२ महिने होते. हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. गाठ आटोक्यात राहिली, पण आयुष्य वाढले नाही. कारण बहुतेक रुग्णांचा मृत्यू दूरवर पसरलेल्या रोगाने होतो आणि तेथे किरण पोहोचत नाहीत.

शस्त्रक्रियेपूर्वीचा उपयोग

शस्त्रक्रिया शक्य असलेल्या किंवा तिच्या सीमारेषेवर असलेल्या रुग्णांबाबत चित्र काहीसे निराळे आहे. नेदरलँड्समधील प्रिओपँक चाचणीत २४६ रुग्ण होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांनुसार, आधी जेमसायटाबिनसह किरणोपचार घेतलेल्यांपैकी २०.५ टक्के, तर थेट शस्त्रक्रियेस गेलेल्यांपैकी ६.५ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते. तरीही हे श्रेय किरणांचे किती व आधी दिलेल्या औषधाचे किती, हे या चाचणीतून वेगळे करता येत नाही.

निष्कर्ष

५४ ग्रे मात्रा सामान्यतः ३० हप्त्यांत, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे ६ आठवडे दिली जाते. ज्याच्या हाती वर्ष-सव्वा वर्ष आहे, त्याच्यासाठी हा काळ अल्प नव्हे. म्हणून प्रथम रसायनोपचार देऊन रोगाचा स्वभाव पाहावा आणि रोग जागीच राहिलेल्या निवडक रुग्णांमध्येच किरणोपचाराचा विचार करावा, हा क्रम अधिक सयुक्तिक ठरतो. गाठ आटोक्यात ठेवणे व उपचारांविना काही काळ मिळवून देणे हा लाभ खरा आहे. परंतु तो आयुर्मानवाढीचा लाभ म्हणून रुग्णापुढे मांडला जाऊ नये. कोणत्याही संयुक्त उपचाराचे मूल्यमापन करताना तुलना कशाशी केली आहे, हे प्रथम तपासणे अगत्याचे आहे.